हापूस परदेशी पाठवायचाय? मग दिवस उलटे मोजा

झाडावरून उतरवलेल्या हापूसकडे साधारण दहा-बारा दिवस असतात. तेवढ्यात तो पिकतो, आणि मग खाणारा समोर असो वा नसो, सुरकुतायला लागतो. निर्यातीचा सगळा व्यवहार या दहा-बारा दिवसांच्या वाटणीचा आहे. बागेने किती दिवस खाल्ले, ट्रकने किती, पॅकहाऊसने (जिथे माल निवडून, प्रक्रिया करून खोक्यात भरतात) किती, विमानाने किती, आणि दुकानदाराच्या हातात किती उरले? नवीन माणूस सुरुवात करतो ती बागेपासून. "माझ्याकडे शंभर पेट्या माल आहे, कोण घेतो?" असा त्याचा प्रश्न असतो. तिथेच गणित उलटं पडतं. सुरुवात खाणाऱ्याच्या ताटापासून करायची आणि मागे मागे येत झाडाखाली पोचायचं.

समजा लंडनजवळच्या एका भारतीय दुकानात शनिवारी आंबा मांडायचा आहे. शुक्रवारी तो आयातदाराच्या गोदामात हवा. म्हणजे गुरुवारी विमान उतरलं पाहिजे, बुधवारी रात्री मुंबईहून उडालं पाहिजे. बुधवारी सकाळी वाशीला कीड मारण्याची प्रक्रिया, तपासणी आणि दाखला. त्यासाठी मंगळवारी रात्रभर ट्रक रत्नागिरीहून सव्वातीनशे किलोमीटर चालणार (देवगडहून आणखी शंभरेक धरा). म्हणजे काढणी मंगळवारी पहाटे. पाच दिवस गेले, पाच-सात उरले. त्यातले दोन-तीन दुकानदाराला विकायला आणि बाकीचे गिऱ्हाइकाला घरी पिकवून खायला. आता यात बुधवारची तपासणी एक दिवस लांबली, किंवा विमानात जागा मिळाली नाही, तर तो दिवस थेट गिऱ्हाइकाच्या वाट्यातून जातो. हे कोष्टक कागदावर लिहा आणि भिंतीला लावा. पुढची प्रत्येक पायरी त्यातल्या एखाद्या चौकटीची आहे.

आधी देश ठरवा

कुठल्या देशाला पाठवायचं यावर बागेतल्या फवारणीपासून खोक्याच्या भोकांपर्यंत सगळं अवलंबून असतं. म्हणून हा निर्णय मोहोर फुटण्याआधी व्हायला हवा. मार्चमध्ये घेतला तर फार उशीर होतो.

आखाती देश नवख्यांसाठी सगळ्यात सोपे. भारतीय आंब्याचा मोठा गिऱ्हाईक संयुक्त अरब अमिरात आहे. तिथे मराठी, मल्याळी, गुजराती सगळेच खाणारे आहेत, आणि माल विमानानेही जातो, जहाजानेही. स्पर्धा मात्र दाट आहे आणि भाव एका आठवड्यात खाली येतो.

युरोप आणि ब्रिटनचं दुखणं फळमाशी आणि औषधांचे उर्वरित अंश. फळमाशीसारख्या किडी सापडत राहिल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याला बंदी घातली होती. ती २०१५ च्या सुरुवातीला उठली, पण त्यासाठी आपल्याला प्रक्रिया आणि तपासणीची व्यवस्था कडक करावी लागली. तिथे जाणाऱ्या आंब्यासाठी गरम पाण्याची प्रक्रिया वापरतात: ४८ अंश सेल्सिअस तापमानात ६० मिनिटं.

जपानला बाष्प-उष्णता प्रक्रिया लागते. त्यात फळाच्या गराचं तापमान ४७.५ अंशांवर नेऊन २० मिनिटं तिथे ठेवतात. अमेरिकेला विकिरण लागतं, म्हणजे किरणांचा मारा करून कीड निकामी करणं, किमान ४०० ग्रे (किरणांचं माप) मात्रेचं. अमेरिकेचं दार बरीच वर्षं बंद होतं. ते २००७ मध्ये उघडलं आणि पहिला माल नाशिकजवळच्या लासलगावच्या कृषक केंद्रात विकिरण करून गेला. आता वाशीला राज्य कृषी पणन मंडळाचं स्वतःचं विकिरण केंद्र आहे. बाष्प आणि गरम पाण्याच्या सोयीही तिथेच आहेत. अमेरिकेच्या मालाची तपासणी त्यांच्या कृषी खात्याचा निरीक्षक इथे येऊन करतो. २०२० आणि २०२१ च्या हंगामात कोविडमुळे निरीक्षक येऊ शकले नाहीत, तर एकही पेटी गेली नाही. आंबा होता, गिऱ्हाईक होतं, विमानं होती. माणूस नव्हता.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष आखाताचं, दुसरं युरोपचं. अमेरिका आणि जपान तिसऱ्या वर्षी बघा. थेट अमेरिकेचं नाव घेणारे बरेच जण पहिल्याच हंगामात हात पोळून बसलेले मी पाहिलेत.

नोंदणी: दोन बाजू, दोन प्रकारची कागदं

बागायतदाराची नोंदणी वेगळी, निर्यातदाराची वेगळी. दोन्ही एकाच माणसाने केल्या तरी फायली दोन ठेवा.

बागेची नोंदणी अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) मँगोनेट प्रणालीत होते. सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज, सोबत सातबारा आणि बागेचा नकाशा. अधिकारी बाग बघून जातो आणि तुमच्या बागेला एक क्रमांक मिळतो. पुढे प्रत्येक खोक्यावर हा क्रमांक चालत जातो. परदेशात एखाद्या खोक्यात अळी निघाली तर माग काढत लोक याच क्रमांकावर, म्हणजे तुमच्या कलमांखाली, येऊन पोचतात. बाग करारावर घेतली असेल तर मूळ मालकाशी नोंदणीचं आधी बोलून घ्या. कोकणात एका सातबाऱ्यावर दहा-बारा नावं असणं नवीन नाही, आणि त्यातला एक चुलता मुंबईला असतो. सही त्याचीच राहते.

निर्यातदाराला आयात-निर्यात कोड, अपेडाची सदस्य नोंदणी, अन्नसुरक्षा परवाना, जीएसटी, आणि बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँक शाखेचा क्रमांक) लागतो. हे सगळं ऑनलाइन होतं आणि वाटतं तेवढं अवघड नाही. अवघड आहे ते चांगला कस्टम एजंट शोधणं. नाशवंत मालाचा अनुभव असलेलाच घ्या. यंत्रांचे सुटे भाग पाठवणाऱ्या एजंटाला "उद्या सकाळी बघू" म्हणायची सवय असते.

पणन मंडळ पुण्यात निर्यातीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. जाऊन या. शिकवतात ते उपयोगी आहेच, पण जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसलेला माणूस जे सांगतो ते त्याहून उपयोगी.

बागेत: फवारणीची वही

युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. म्हणजे जवळजवळ नाहीच. क्लोरपायरीफॉस तिथे २०२० पासून बंद आहे. तुडतुडे वाढले म्हणून दुकानदाराने हातात दिलेली बाटली मारली, की त्या बागेचा माल युरोपसाठी संपला. कोकण कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षण वेळापत्रक समोर ठेवा, त्यातली औषधं तुमच्या देशात चालतात का ते निर्यातदाराकडून तपासून घ्या, आणि प्रत्येक फवारणी वहीत लिहा: तारीख, औषध, प्रमाण, फवारणाऱ्याचं नाव. शेवटची फवारणी आणि काढणी यात किती दिवस ठेवायचे ते बाटलीच्या लेबलवर असतं. काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल यायला लागणारे दिवसही भिंतीवरच्या कोष्टकात धरा, बरेच जण ते विसरतात.

शेजारच्या बागेकडेही बघा. बांधापलीकडचा माणूस पंपाने फवारत असेल आणि वारा तुमच्याकडे असेल, तर तुमची वही स्वच्छ आणि आंबा मात्र दोषी.

फळमाशीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला रक्षक सापळा लावा. आणि सापळ्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे झाडाखाली पडलेली फळं रोज गोळा करून पुरून टाका. माशीची पुढची पिढी त्या पडक्या आंब्यातच वाढत असते. हे काम कुणालाच आवडत नाही, म्हणून ते एका ठरावीक माणसावर सोपवा. "सगळ्यांनी करा" म्हटलं की कुणी करत नाही.

काढणी: चौदा आणे

निर्यातीचं अर्धं यश या एका सकाळी ठरतं, म्हणून इथे जरा थांबतो.

कोकणात आंब्याची तयारी अजून आण्यांत मोजतात. सोळा आणे म्हणजे झाडावर पूर्ण तयार. निर्यातीला चौदा आणे हवा, म्हणजे साधारण ८५ टक्के. बारा आण्याचा काढला तर गरम पाण्यात त्याचे खांदे बसतात, तो सुरकुततो, आणि पिकला तरी चव पाणचट. सोळा आण्यापर्यंत ठेवला तर साका वाढतो. साका हे हापूसचं सगळ्यात लबाड दुखणं. बाहेरून फळ देखणं, आणि कापलं की बाठ्याजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. वरून बघून तो ओळखता येत नाही. परदेशातलं गिऱ्हाईक असा एक आंबा कापतं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या देशाचा आंबा घेतं.

चौदा आणे ओळखायचे कसे? देठाजवळचे खांदे वर येतात आणि देठ खड्ड्यात बसल्यासारखा दिसतो. गडद हिरवा रंग निवळतो. कापून पाहिलं तर बाठ्याभोवती गर पिवळसर झालेला असतो. आणि पाण्याची परीक्षा: बादलीत टाकला की तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. प्रत्येक बागेतून, शक्यतो प्रत्येक उतारावरून, काढणीच्या आदल्या दिवशी पाच-सहा फळं कापून बघा. कातळावरची कलमं आणि खालच्या मातीतली कलमं एकाच दिवशी तयार होत नाहीत.

काढायचा तो झेल्याने, देठासकट. दापोलीचा नूतन झेला याच कामासाठी आहे. त्याचं पातं देठ कापतं आणि फळ जाळीत पडतं. हात-दीड हातावरून जमिनीवर पडलेला आंबा निर्यातीचा नाही, मग तो कितीही सुंदर दिसो. त्याचा मार आज दिसत नाही, सहाव्या दिवशी दिसतो, आणि तोवर तो विमानात असतो. देठ एक-दोन सेंटिमीटर राहिला पाहिजे, नाहीतर चीक उडून सालीवर डाग पडतात. पॅकहाऊसमध्ये देठ छाटतात तेव्हा फळं उलटी धरून चीक निथळू देतात.

काढणी पहाटे सुरू करा, दहाच्या आत आटपा. क्रेट प्लास्टिकचे, खाली कागद किंवा फोम, आणि सावलीत. तापलेल्या कातळावर दोन तास ठेवलेला क्रेट म्हणजे दोन दिवस गेले समजा. पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी काढू नका. करपा आणि देठकूज ओल्या फळावर बसून प्रवासाला निघतात. गडी रोजावर आलेले असतात, ट्रक बोलावलेला असतो, सगळे "काढूया, काय होतंय" म्हणतात. एकदा मी ऐकलं होतं. तो माल दुबईला पोचेपर्यंत काळ्या ठिपक्यांनी भरला होता आणि मला भाड्याचेही पैसे सुटले नाहीत.

एक गोष्ट काढणीआधीच ठरवून ठेवा: जो आंबा निवडीत नापास होईल तो कुठे जाणार? बारीक, डागी, चिकाचा, वाकडा असा माल नेहमीच निघतो. निम्मी फळं निर्यातीत बसली तरी मी खूश असतो. उरलेला त्याच दिवशी वाशीच्या दलालाकडे, स्थानिक गिऱ्हाइकाकडे किंवा कॅनिंगला गेला पाहिजे. तो अंगणात पडून राहिला की आपलाच जीव तुटतो, आणि मग चार डागी फळं हळूच निर्यातीच्या क्रेटमध्ये सरकतात.

पॅकहाऊस

अपेडाची मान्यता असलेलंच पॅकहाऊस लागतं. पणन मंडळाची केंद्रं वाशीबरोबर रत्नागिरीत आणि देवगडजवळ जामसंड्यालाही आहेत. जागा हंगामाच्या आधी राखून ठेवा. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांनाच एकाच दिवशी प्रक्रिया हवी असते.

आत क्रम असा: क्रेट उतरले की बागेच्या क्रमांकाप्रमाणे लॉट वेगळा, मग निवड, धुणं, प्रक्रिया, थंड करणं, वाळवणं, वजनाप्रमाणे प्रतवारी, पॅकिंग. दोन बागांचा माल एका टेबलावर येऊ देऊ नका. माझ्या दुसऱ्या हंगामात संध्याकाळच्या घाईत दोन शेतकऱ्यांचे क्रेट एकत्र झाले. खोक्यांवर एकाचा क्रमांक, आत दोघांचा आंबा. तपासनीसाने विचारलं तेव्हा कुणालाच सांगता येईना. अख्खा लॉट स्थानिक बाजारात द्यावा लागला, आणि चूक कुणाचीही असली तरी दोन्ही शेतकऱ्यांचे चेहरे मलाच बघावे लागले.

प्रक्रियेनंतर फळ थंड न करता खोक्यात भरलं की आतल्या आत वाफ धरते आणि आंबा एकदम पिकायला लागतो. घाई करायची जागा ही नव्हे.

खोकं साधारण एक डझनाचं, भरून साडेतीन किलोच्या आसपास. पेंढा चालत नाही. आपल्या आढीत तो राजा असला तरी परदेशात तो कीड वाहून नेणारा कचरा ठरतो. कागदी कात्रण किंवा फोमच्या जाळ्या वापरा. प्रक्रियेनंतर माशी आत शिरू नये म्हणून हवेच्या भोकांवर बारीक जाळी लागते. लाकडी पॅलेट (खोकी रचायच्या फळ्या) असतील तर त्यांवर उष्णता प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा. आंबा पास आणि पॅलेट नापास, असंही होतं.

खोक्याचं माप भाड्याच्या हिशेबाने ठरवा. विमान कंपनी खरं वजन आणि आकारमानी वजन यांतलं जे जास्त ते धरते. आकारमानी वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ६,०००. ४० × ३० × १५ चं खोकं ३ किलो भरतं, म्हणजे भाडं खऱ्या साडेतीन किलोचंच. तेच खोकं ऐटीत ४५ × ३५ × १८ केलंत तर ४.७ किलो. आंबे तेवढेच, भाडं मात्र सव्वा किलो हवेचं जास्त. छापखान्यातल्या माणसाला नक्षीची हौस असते, हिशेब आपला आपण करायचा.

खोक्यावर भौगोलिक मानांकनाचा उल्लेख करायचा असेल तर त्याचीही स्वतंत्र नोंदणी आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळालं. कर्नाटकचा आंबा त्या नावाखाली घालू नका. कायद्याचं राहू द्या, आखातातला जुना गिऱ्हाईक वासावरूनच पकडतो.

दाखले आणि त्यांचा क्रम

प्रक्रिया झाली, मग वनस्पती आरोग्य तपासणी, मग फायटो दाखला (माल कीडमुक्त असल्याचा सरकारी दाखला), मग शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा अर्ज) आणि कस्टम, मग विमान. हा क्रम बदलत नाही. दाखल्यावरची खोक्यांची संख्या, वजन, लॉट क्रमांक, प्रक्रियेचं तापमान आणि वेळ हे बीजकाशी आणि पॅकिंग यादीशी अक्षरशः जुळलं पाहिजे. एका माणसाने वाचायचं, दुसऱ्याने खोक्यावर बोट ठेवायचं.

हे मी उगाच ताणत नाही. मे २०२५ मध्ये लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा या विमानतळांवर मिळून भारतीय आंब्याच्या १५ खेपा अडवल्या गेल्या. खोट विकिरणाच्या कागदपत्रांत काढली गेली होती. परत न्या किंवा नष्ट करा, एवढेच दोन पर्याय दिले गेले. परतीचं भाडं आंब्याच्या किमतीहून जड, आणि आलेला आंबा खायच्या लायकीचा राहिला नसता. माल तिथेच नष्ट झाला. त्यामुळे दाखला दुसऱ्या कुणी बनवला असला तरी विमानतळावर गाडी निघण्याआधी तो स्वतः वाचा.

विमान की जहाज

विमान महाग, पण दिवस वाचवतं. जहाज स्वस्त, पण दिवस खातं. आखातात जहाज चार-सहा दिवसांत पोचतं, तिथे ते परवडतं. युरोप-अमेरिकेला समुद्राने तीन-साडेतीन आठवडे लागतात. तसे प्रयोग झाले आहेत आणि २०२२ मध्ये अमेरिकेला जहाजाने आंबा गेलाही, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

कंटेनरचं तापमान हापूससाठी १३ अंशांच्या आसपास. "जास्त थंड म्हणजे जास्त टिकेल" म्हणून ८ वर नेलं तर सालीवर करडे चट्टे येतात आणि आंबा पिकायचंच विसरतो. आणि हे पक्कं लक्षात घ्या: कंटेनर गार माल गार ठेवतो, गरम माल गार करत नाही. माल आधी शीतगृहात १३ वर आणा, मग भरा. आत तापमान नोंदणारा छोटा लॉगर टाका, एक दाराजवळ आणि एक मध्यभागी. त्याची किंमत एका खोक्याएवढी असते.

पैसे

आंबा गेला की तुमची बाजू कमजोर होते. माल नाशवंत, गिऱ्हाईक हजारो किलोमीटर दूर, आणि त्याच्याकडे "माल खराब निघाला" म्हणायची सोय. पहिल्या व्यवहारात निम्मे पैसे आगाऊ मागा. मिळत नसतील तर माल कमी पाठवा. "विकून पैसे देतो" या बोलीवर पूर्ण कंटेनर कधीच नको. निर्यात पत हमी महामंडळाचा विमा मिळतो, त्याची चौकशी बँकेत हंगामाआधी करा.

एका आयातदाराने मला सडक्या आंब्यांचे फोटो पाठवून तीस टक्के रक्कम कापली. फोटोतलं खोकं माझं नव्हतंच, पण मी सिद्ध कशावर करणार? तेव्हापासून प्रत्येक लॉटची पाच खोकी भरताना, बंद करताना आणि पॅलेटवर चढवताना लॉट क्रमांकासकट फोटो काढतो. करारात एक ओळ घालतो: तक्रार माल मिळाल्यापासून २४ तासांत, खोक्यावरचा क्रमांक दिसेल अशा फोटोसह, आणि लॉगरच्या नोंदीसह. ही ओळ घातल्यावर तक्रारी निम्म्याने कमी झाल्या. आंबा तोच आहे.

माल पोचल्यानंतर तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी आयातदाराला फोन करा आणि पाच आंबे कापून फोटो पाठवायला सांगा. साका किती, देठकूज किती, रंग सारखा आला का. फोटोखाली बागेचा क्रमांक आणि काढणीची तारीख लिहून ठेवा. जूनमध्ये, मृगाचा पाऊस सुरू झाला आणि हातात वेळ आला, की ते फोटो बागांप्रमाणे लावून बसा. पुढच्या वर्षी कुठल्या कातळावरचा आंबा कुठल्या देशाला पाठवायचा आणि कुठला सरळ वाशीला, ते त्यातून दिसतं.